उन्हात उघडणारं तळं

उघड्यावर बसून निसर्गचित्रं काढण्यात माझं आयुष्य गेलं, आणि त्या आयुष्याबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं तरी खरं घडलेलं आहे. कोणतं निम्मं, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. सगळंच मी निवडून-पाखडून दिलं तर ऐकणाऱ्याला काम काय उरलं?

मामाच्या तळ्याची गोष्ट मात्र पुरती खरी आहे. तिच्यात मी एकही नवी थाप घातलेली नाही. ज्या मारायच्या होत्या त्या तेव्हाच मारून झाल्या होत्या.

मामा माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा. लहानपणी आम्ही एकाच झाडावरून पडलेलो, त्यामुळे मामा-भाचेपण नावापुरतं. मी त्याला अरे-तुरेच करतो. धंद्यानं तो शिंपी. खाली दुकान, वर घर. कापणं आणि शिवणं त्याचं. काजं, बटणं, अस्तर आणि कापडाला दोरा जुळवणं मामीचं. जन्मभर दोघं समोरासमोर बसून काम करत आले, आणि बोलायचे ते एकमेकांच्या कामातल्या चुका काढण्यापुरतं. संसार सुखाचा होता, हे यावरून कळावं.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मामी एकटी तळ्यापर्यंत फिरून यायची. वस्तीच्या बाहेर, पंपाच्या खोलीमागे हे तळं. काठाला चार झाडं, एक दगडी बाक. त्या बाकावर ती घटकाभर बसायची आणि परत यायची. मामा कधी बरोबर गेला नाही. त्याचं म्हणणं, पाणी बघायला एवढं लांब कशाला जायचं, नळाला येतंच की.

मग एक दिवस वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढताना मामी स्टुलावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पुढे यथावकाश ते जुळलंही. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं, झकास जुळलंय, आता चाला. मामी काही चालेना. दुखत नव्हतं, धास्ती बसली होती. तिच्यासाठी वॉकर आणला, तर तो पलंगाशेजारी नुसता उभा; शेवटी त्याच्यावर मामा अर्धवट शिवलेले कोट टांगायला लागला. डॉक्टर म्हणाले, आत्ता पाय टाकला नाही तर पुढे पाय ऐकणार नाही, मग पलंग तो पलंगच. हे मामानं मला जिन्यात उभं राहून सांगितलं. सांगताना गळ्यातली मापाची टेप तो बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता.

मामीला कोणी ऊठ म्हटलं की तिचं एकच उत्तर. "उठून काय बघू? खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत. ती काय, झोपूनही दिसते."

यावर मामानं जो उपाय काढला तो शिंप्यालाच सुचावा. गिऱ्हाईक दुकानात येत नसेल तर माप घ्यायला आपण घरी जायचं. मामी तळ्यावर जात नाही ना, तर तळं मामीकडे आणू. पलंगासमोरच्या भिंतीवर तळ्याचं चित्र लावायचं. मी म्हटलं, उद्या दुपारपर्यंत काढून देतो. तर म्हणे नाही, मीच काढणार. "तिनं जन्मभर माझ्या हातचं काम पाहिलंय. तुझ्या हातचं ती कशाला बघेल?"

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, ज्या बाईनं उठावं म्हणून सगळे टपून बसलेत, तिला तळं पलंगावर नेऊन दिलं तर ती उठेल कशासाठी? आज तळं न्या, उद्या बाजार न्या. तिचं बरोबर होतं, म्हणून मी ते मामाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "तुझी बायको शहाणी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण मला दुसरं काही सुचत नाही रे." माझी जुनी रंगपेटी आणि चित्र उभं करायची तीन पायांची घोडी त्याच्या खांद्यावर दिली आणि आम्ही तळ्यावर गेलो.

शिंप्याला चित्रकला शिकवणं फार सोपं असतं. पहिल्या दिवशी मामानं पांढऱ्या फळीच्या वरच्या कोपऱ्यात एक पान काढलं. मग दुसरं. तिसऱ्या पानाला शिरा काढायला घेतल्या तेव्हा मी त्याचा हात धरला. विचारलं, सदऱ्याची बटणं तू आधी लावतोस का? आधी पाठ, मग पुढचे दोन भाग, मग बाह्या. इथेही तसंच. आकाशाचा एक तुकडा, झाडांचा एक, पाण्याचा एक. तिन्ही बेतून एकमेकांना नीट बसले की मग काजं-बटणं. हे त्याला पटलं. इतकं पटलं की त्यानं टेप काढून समोरच्या झाडाचा घेर मोजला.

मग त्याला डोळे बारीक करायला शिकवलं. निसर्गासमोर बसल्यावर दिसतं फार, आणि सगळंच काढावंसं वाटतं. म्हणून पापण्या अर्ध्या मिटायच्या. पानं, काटक्या, खडे नाहीसे होतात, उरतं ते फक्त गडद आणि फिकं. तेवढंच रंगवायचं. मामा मन लावून डोळे बारीक करायला लागला. जन्मभर सुईत दोरा ओवलेला माणूस, त्याला दोन्ही डोळे सारखे मिटायची सवय कुठली? तो एकच मिटायचा. समोरच्या काठावर धोबीण कपडे धूत असे.

रोज त्याच वेळी यायचं, हे तिसरं. ऊन सरकलं की पेटी बंद. का, म्हणून त्यानं विचारलं. आता याचं सरळ उत्तर आहे: सावल्या हलतात, म्हणून पहिल्या थोड्या वेळातच त्या पक्क्या मांडायच्या आणि नंतर सूर्यानं कितीही आग्रह केला तरी बदलायच्या नाहीत. पण सरळ उत्तर द्यायला माझी जीभ जड होते. मी त्याला माझ्या एका सोबत्याची हकीकत सांगितली. तो सावली हलली की चित्रातलीही हलवायचा, पण आधीची पुसायचा नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या झाडाला चहूबाजूंनी सावली, घेरदार परकर नेसल्यासारखी. आणि ऊन लागू नये म्हणून त्यानं आपलं स्टूलही सावलीबरोबर सरकवत नेलं होतं, त्यामुळे सूर्य मावळला तेव्हा तो परक्याच्या शेतात बसलेला होता आणि शेताचा मालक त्याला सारा भरलास का म्हणून विचारत होता. मामानं हे गंभीरपणे ऐकून घेतलं आणि घोडीच्या पायांभोवती मातीत रेघा मारून ठेवल्या.

वाऱ्याचंही तसंच. घोडीला खाली वजन बांध, एवढंच सांगायचं होतं. पण मी सांगितलं की माळावर एकदा असं वारं सुटलं, की घोडी, तिच्यावरचं चित्र आणि तिचा पाय धरून मी असे तिघेही उडालो. नदी ओलांडली. मी ब्रश काही सोडला नाही, त्यामुळे त्या चित्रात खालची शेतं जमिनीवरून दिसतात आणि वरची आकाशातून. जाणकार लोक त्यापुढे उभे राहून अजून माना वाकड्या करतात. दुसऱ्या दिवशी मामानं घोडीला इस्त्री बांधून आणली. दुकानातली, जुनी, कोळशाची, चांगली पोत्याएवढी जड.

गाईची हकीकत तर माझी आवडती. ओलं चित्र सोडून चार पावलंही जाऊ नये, कारण तैलरंगात जवसाचं तेल असतं आणि जनावरांना ते गोड लागतं. मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात एक गाय आली आणि माझ्या चित्रातली हिरवळ चाटून गेली. फक्त हिरवळ. झाडाला, डोंगराला तोंड लावलं नाही, चोखंदळ जनावर. हप्ताभर तिचं दूध हिरवं यायचं. मामानं विचारलं, फाटलं नाही का ते? मी म्हटलं, नाही, पण दह्यात डोंगर दिसायचा. त्यानं मान हलवली, आणि तेव्हापासून काठी घेऊन यायला लागला.

असा आमचा अभ्यास चालला होता. मामाचं चित्रही आकार घेत होतं. आणि याच सुमाराला मी त्याला माझ्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली, आयुष्यात पहिल्यांदाच मीठ-मसाला न लावता. म्हटलं, मामा, चित्र असं उन्हात ठेवून रंगवू नकोस. फळीवर ऊन पडलं की ती इतकी लखलखते की प्रत्येक रंग फिका वाटतो. मग माणूस गडद लावतो, आणखी गडद लावतो. तिथे सुरेख दिसतं आणि घरात नेलं की काळोख. एक तर छत्री लाव, नाहीतर झाडाखाली ये.

मामानं ब्रश खाली ठेवला आणि पोट धरून हसला. "म्हणजे उजेडात काढलं की चित्र काळं होतं. आणि अंधारात काढलं की उजळतं. अरे, थाप मारायची तर जरा बेतानं मार. गाईचं एक वेळ ठीक होतं."

मी शपथेवर सांगायला लागलो, तसा तो आणखीच हसला. शिवाय झाडाखाली यायला तो तयारच नव्हता. मामी बसायची त्याच बाकावर बसून तिला दिसायचं तेच त्याला काढायचं होतं, आणि बाकावर त्या वेळी सणसणीत ऊन असे. मी नाद सोडला. गाढव ऐकत नसेल तर ओझं आपण उचलू नये.

इकडे घरी निराळंच शिजलं. मामीपासून चित्र लपवायचं म्हणून मामा तिला रोज काहीतरी सांगून निघायचा. कधी बटणं आणायला, कधी मशीनचा पट्टा. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही त्याची पद्धत. धोबीण मात्र आठवड्याला कपडे घेऊन जिना चढायची. तिनं मामीला सांगितलं, की तुमचे यजमान तळ्यावर येऊन बसतात आणि माझ्याकडे बघून डोळा मारतात. एकदा नाही, सारखा. आणि काठी घेऊन येतात.

त्या संध्याकाळी मी वर होतो. मामा चहा घेत होता. मामी उशीला टेकून त्याच्याकडे बघत राहिली.

"पट्टा मिळाला का मशीनचा?"

"नाही गं. उद्या बघतो."

"तळ्यावर मिळतो म्हणे. पलीकडच्या काठाला."

मामाचा कप बशीवर वाजला. मग तिनं धोबिणीचं सगळं सांगितलं, आवाज जराही न चढवता, आणि शेवटी म्हणाली, "या वयात जमतंय म्हणजे नवलच. लग्न ठरलं तेव्हा तर मान वर करता येत नव्हती तुम्हाला."

मामाचे कान लाल. खरं सांगण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. तळं काढतोय म्हणाला. तुझ्यासाठी. या भिंतीवर लावायला. मामी भिंतीकडे बघत होती, जणू खिळा कुठे मारायचा ते ठरवत होती. मग म्हणाली, "डोळा मारून कसं काढतात चित्र?" आणि मामानं तिला डोळे बारीक करून दाखवले, एकच मिटला, आणि ती हसली. पडल्यापासून तिला अशी हसताना मी पाहिली नव्हती. जिना उतरताना मामा माझ्या कानात म्हणाला, "बघ. आता चित्र चांगलंच व्हायला हवं. नाहीतर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करील."

चित्र पुरं झालं. मी खोटं बोलत नाही: बाकासमोर, उन्हात, ते फार छान दिसत होतं. पाण्यावर ऊन पडलेलं, पंपाच्या खोलीची सावली अर्ध्या पाण्यात, झाडांचे ढीग नीट बेतलेले. दोन माश्या आकाशात चिकटल्या होत्या, त्या मामानं पक्षी म्हणून ठेवून दिल्या. आम्ही ते सांभाळून घरी आणलं. मामानं ओला रंग लागू नये म्हणून हात लांब धरले होते. जिना चढून मामीच्या खोलीत आलो आणि त्यानं चित्र पलंगाच्या पायथ्याशी उभं केलं.

काळोख. पाणी शाईसारखं, झाडं कोळशाची, पंपाची खोली कुठे गेली तिचं तिलाच माहीत. मामानं दिवा लावला, तर काळोखाला पिवळी झाक आली.

मामीनं बराच वेळ पाहिलं. "कोणत्या रात्री गेला होता?" एवढंच तिनं विचारलं.

मामा खाली बसला. मी सांगितलं होतं, असं मी म्हटलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून तर ऐकलं नाही ना." मग मामीला म्हणाला, तिथे असं नव्हतं गं. तिथे पाणी चमकत होतं. माझं नाही जमलं. आणि टेप बोटाला गुंडाळायला लागला.

त्याचा तो आवाज मामीला सहन झाला नसावा. ती माझ्याकडे वळली. "एवढी वर्षं दुकानात बसले, आणि दिव्याखाली रंग बघताहेत. दिव्याखाली निळा दोरा कधी निळा दिसलाय? दाराशी न्यायचं म्हणावं."

दुकानातली रीतच होती ती. कापडाला दोरा जुळवायचा तर मामी दोन्ही घेऊन उंबऱ्यावर जायची, उजेडात धरायची आणि मगच ठरवायची; आत बसून जुळवलेला दोरा गिऱ्हाईक बाहेर पडलं की वैरी होतो. मामा उठला. मामीच्या खोलीबाहेर लांबट बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला गच्ची. गच्चीवर त्या वेळी भरपूर ऊन असतं. तो चित्र घेऊन गेला. आम्ही वाट बघत बसलो.

"अगं, आहे," गच्चीवरून आवाज आला.

"काय आहे?"

"सगळं आहे. पाणी आहे. पाण्यावर ऊन आहे. पंपाची खोलीही सापडली."

मामीनं आतून सांगितलं, मग आणा इकडे. मामानं आणलं. दारातून आत आल्याबरोबर पुन्हा रात्र. परत बाहेर नेलं, तर बाहेर सकाळ. मामीचा चेहरा असा झाला, जसा सदरा दुसऱ्या कोणाला तरी बरोबर बसतो आणि मलाच बसत नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा होतो.

तिनं मला गच्चीवर बघायला पाठवलं. मी जाऊन आलो आणि म्हटलं, "मामी, खरंच. तुमचं तळं जसंच्या तसं आहे."

"तू खरं म्हणतोस?"

"अगदी खरं."

"तू म्हणतोस म्हणजे मला स्वतःच बघायला पाहिजे," ती म्हणाली, आणि पांघरूण बाजूला केलं.

बोलण्याचा माझा धंदा, पण त्या वेळी तोंड उघडलं असतं तर सगळं बिघडलं असतं एवढी अक्कल मला आहे. मुकाट्यानं वॉकरवरचे कोट काढले. गडबडीत एक जाकीट राहून गेलं. मामीनं दोन्ही मुठींनी दांडा पकडला, ओठ घट्ट मिटले आणि उभी राहिली. पहिल्या पावलाला इतका वेळ लागला की तेवढ्यात मी एखादं आकाश रंगवलं असतं. दुसऱ्याला त्याहून कमी. बोळात तिनं भिंतीला टेकून दम घेतला. मी हात पुढे केला तर म्हणाली, बाजूला सर, उजेड अडवू नकोस.

मामाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो गच्चीवर चित्र छातीशी उभं धरून पाठमोरा होता, ऊन नीट पडावं म्हणून इकडेतिकडे सरकत. वॉकरची टकटक ऐकून वळला. दारात मामी, आणि वॉकरवर बिनबाह्यांचं जाकीट. त्याचे हात सैल पडले, तळं तिरकं झालं.

"सरळ धरा," मामी म्हणाली. "पाणी सांडेल."

त्यानं सरळ धरलं. ती चालत चालत अगदी जवळ आली. मी बघत होतो: चित्रावरचं ऊन तिच्या तोंडावर परतत होतं, तळ्याजवळ बसलं की येतं तसं. किती वेळ ती बघत होती कोण जाणे. मामाचे हात भरून आले असणार, पण त्यानं फळी हलू दिली नाही. शेवटी ती म्हणाली, "बाक कुठे आहे?"

"बाकावर मी बसलो होतो ना," मामा म्हणाला.

"बाक नाही तर मी बसू कुठे?"

मी आतून खुर्ची आणून दिली आणि ती उन्हात बसली. मग चुका सुरू झाल्या. पंपाच्या खोलीचं दार या बाजूला नाही. तिसरं झाड एवढं सरळ नाही, ते पाण्याकडे वाकलंय. आणि हे दोन पक्षी कसले, मी इतकी वर्षं गेले, असे पक्षी मला कधी दिसले नाहीत. मामा मान डोलावत होता, आणि मी माणसाला स्वतःच्या चुका ऐकताना एवढं सुखात कधी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तीच वेळ झाली तेव्हा मामी म्हणाली, त्या झाडाचं मी काल नीट सांगितलं नाही, आणि उठली. तिसऱ्या दिवशी मामानं रंग आणि ब्रश गच्चीवरच मांडून ठेवले. ती खुर्चीत बसून सांगायची, तो दुरुस्त करायचा. झाड वाकलं, दार फिरलं. बाक मात्र काही काढता येईना, कारण तळ्याकडे तोंड असलेला बाक आणि त्या बाकावरून दिसणारं तळं एकाच चित्रात कसं यावं, यावर दोघांचं रोज भांडण व्हायचं.

मधे मला राहवेना. माझ्यातला चित्रकार जागा झाला. मामाला जिन्यात गाठून म्हटलं, अरे, दोन-चार जागी उजळ रंग चढवला तर हे चित्र खोलीतही नीट दिसेल. अर्ध्या तासाचं काम. मी करून देतो, भिंतीवर लावून टाक.

त्यानं माझी कॉलर धरली. मापं घेताना धरतो तशी नाही. "खबरदार ब्रश लावलास तर," तो म्हणाला. "भिंतीवर दिसायला लागलं की ती परत पलंगावरून बघेल."

मामी आता जिना उतरते, दुकानात बसते. कधी मामाचा हात धरून तळ्यावर जाते. तिथे बाकावर बसून पाण्याला नावं ठेवते, की चित्रातलं बरं, त्याला डास नाहीत. मामानं नंतर आणखी बरीच चित्रं काढली. सगळी उन्हात, छत्री न लावता, मी शेजारी सावलीत बसून डोकं फोडत असताना. त्याच्या घराच्या आतल्या भिंती अजून कोऱ्या आहेत आणि गच्ची पाय ठेवायला जागा नाही इतकी भरली आहे.

हे सगळं मी आधीच ताडलं होतं आणि मुद्दामच असं शिकवलं, असं मी लोकांना सांगतो. माझी बायको सोडली तर बाकीच्यांचा विश्वास बसतो.